ठरलेल्या क्रमाविना लढाई : ‘डॅगरहार्ट’विषयी वाचकांचे प्रश्न

‘क्रिटिकल रोल’ हा कॅमेऱ्यासमोर आरपीजी (पात्रे वठवत गोष्ट रंगवण्याचे खेळ) खेळणाऱ्या अमेरिकी आवाज-कलाकारांचा गट अनेक वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्याच डॅरिंग्टन प्रेस या प्रकाशनसंस्थेने २० मे २०२५ रोजी ‘डॅगरहार्ट’ हे नव्या कल्पनारम्य खेळाचे नियमपुस्तक प्रसिद्ध केले. टेबलाभोवती बसून एकाने गेम मास्टर, म्हणजे गोष्टीचे जग आणि शत्रू सांभाळणारा, व्हायचे आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायची, ही चाल जुनीच आहे. ती चालवणारे नियम मात्र बऱ्याच अंशी निराळे आहेत. या पुस्तकाविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पुस्तक वाचून आणि त्यावर काही बैठका चालवून झालेली ही पहिली मते आहेत, त्यामुळे वर्षभराच्या खेळानंतर त्यांतील काही बदलतीलही.

आमचा गट बरीच वर्षे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो आहे. नवे पुस्तक म्हणजे तोच खेळ वेगळ्या वेष्टनात, असे तर नाही ना? — एक वाचक, पुणे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या सर्वांत प्रसिद्ध आरपीजीशी वेष्टनात साम्य भरपूर आहे. योद्धा, जादूगार, भाट, चोर असे नऊ वर्ग आहेत, एल्फ आणि ड्वॉर्फ आहेत, पात्राच्या प्रगतीच्या लेव्हल आहेत. फरक फाशांपासून सुरू होतो. आपल्या सवयीच्या वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी येथे खेळाडू बारा बाजूंचे दोन वेगळ्या रंगांचे फासे एकत्र टाकतो. एक ‘होप’चा आणि दुसरा ‘फिअर’चा. दोन्हींच्या बेरजेत पात्राच्या गुणाचा आकडा मिळवून ती काठिण्यपातळीशी ताडून पाहायची, म्हणजे यश की अपयश ते कळते. आणि दोहोंपैकी कोणता फासा वरचढ ठरला हे पाहायचे, म्हणजे त्या यशापयशाचा रंग कळतो. होप वरचढ असेल तर खेळाडूला एक होप मिळतो, जो पुढे मित्राला मदत करण्यासाठी किंवा स्वतःच्या विशेष कौशल्यासाठी खर्चता येतो. फिअर वरचढ असेल तर गेम मास्टरच्या गंगाजळीत एक फिअर जमा होतो. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला तर बेरीज कितीही कमी असो, ते उत्कृष्ट यश मानले जाते. त्यात एक होप मिळतो आणि पात्रावरचा एक स्ट्रेस, म्हणजे ताणाची खूण, पुसला जातो.

ही रचना केवळ शोभेची नाही, हे गणित मांडल्यावर पटते. समजा पात्राचा गुण अधिक दोन आहे आणि काठिण्यपातळी पंधरा आहे. दोन फाशांच्या १४४ शक्यतांपैकी ३६ मध्ये होपसह यश, ३६ मध्ये फिअरसह यश, १२ मध्ये उत्कृष्ट यश, ३० मध्ये होपसह अपयश आणि ३० मध्ये फिअरसह अपयश येते. म्हणजे ८४ वेळा काम फत्ते होते खरे, पण त्यांतील ३६ वेळा त्या यशाला काहीतरी गालबोट लागते. ‘कुलूप उघडले, पण किल्लीचा तुकडा आतच मोडला’ अशा प्रकारचा निकाल जुन्या खेळात चांगल्या गेम मास्टरच्या मर्जीवर अवलंबून असे, तर येथे फासाच तो मागून घेतो. आपल्या गटाला गोष्टीतल्या अशा वळणांत रस असेल, तर हा खेळ वेगळा वाटेल. चौकोनी नकाशावर सोंगट्या सरकवत अचूक डावपेच लढवणे हाच आपला आनंद असेल, तर सध्याचा खेळ सोडण्याचे कारण नाही.

लढाईत कोणी कधी खेळायचे याचा क्रमच नाही असे वाचले. आमच्या गटात दोघे जण सतत बोलतात आणि दोघी जणी गप्प बसतात. क्रम काढून घेतला तर त्या दोघींच्या वाट्याला काय उरेल? — एक विद्यार्थिनी, नाशिक

आपला प्रश्न या पुस्तकाच्या मर्मावरच बोट ठेवतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पुढाकाराचा फासा टाकून, यादी करून, एकामागून एक खेळण्याची पद्धत ‘डॅगरहार्ट’ने खरोखरच सोडली आहे. लढाई असो वा बाजारातली घासाघीस, ज्याला जे सुचेल त्याने ते करावे आणि गोष्टीचा प्रकाशझोत त्याच्यावर जावा, असे पुस्तक सांगते. हा झोत गेम मास्टरकडे केव्हा जातो, याचा नियम मात्र काटेकोर आहे : खेळाडूचा फासा फसला, किंवा तो फिअरसह पडला, की गेम मास्टरची चाल येते. वर दिलेल्या उदाहरणातील आकडे पुन्हा पाहावेत. होपसह यश ३६ आणि उत्कृष्ट यश १२, अशा ४८ शक्यता सोडल्यास उरलेल्या ९६ शक्यतांमध्ये, म्हणजे तीनपैकी दोन वेळा, झोत गेम मास्टरकडे जातो. याचा अर्थ असा की एक बोलका खेळाडू सलग पाच-सहा वार करून मोकळा होईल ही भीती बरीचशी अनाठायी आहे. सरासरीने दीड फेकीनंतर शत्रू हलतोच. शत्रूंनाही अमर्याद मोकळीक नाही. आपल्या चालीत गेम मास्टर एका शत्रूला पुढे आणतो आणि त्याच चालीत दुसऱ्याला पुढे आणायचे असेल तर साठवलेला एक फिअर खर्चतो. खेळाडूंचा ओघ मध्येच तोडायचा असेल तरीही फिअरच मोजावा लागतो. हा साठा जास्तीत जास्त बारापर्यंत जातो आणि तो सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवला की, समोरची रास वाढताना पाहून खेळाडूंच्या पोटात जो गोळा येतो, तो वर्णनाने आणणे अवघड आहे.

तरीही आपली शंका उरतेच, कारण झोत गेम मास्टरकडून परत आल्यावर तो कोणी घ्यायचा हे फासा ठरवत नाही. तेथे बोलका खेळाडू पुन्हा पुढे सरसावतो. पुस्तकाला याची जाणीव आहे आणि त्यासाठी एक ऐच्छिक नियम दिला आहे : प्रत्येक खेळाडूने आपल्यासमोर ठरावीक टोकन ठेवायची, पुस्तक तीन सुचवते, आणि कृतीसाठी फासे टाकताना दर वेळी एक काढून टाकायचे, ज्याची संपली त्याने इतर सर्वांची संपेपर्यंत थांबायचे आणि मग सर्वांनी नव्याने सुरुवात करायची. माझ्या मते हा नियम ऐच्छिक म्हणून मागे ठेवण्याऐवजी नवख्या गटांसाठी मूळ नियम म्हणून छापायला हवा होता आणि मुरलेल्या गटांना तो सोडण्याची मुभा द्यायला हवी होती. क्रिटिकल रोलच्या टेबलावर बसणारी माणसे व्यवसायाने अभिनेते आहेत. समोरच्याला वाक्य कधी सोडायचे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. शनिवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत जमलेल्या पाच जणांकडून तीच सवय गृहीत धरणे हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा, आणि बहुधा नकळत घडलेला, आशावाद आहे.

आपण टोकनांचा नियम पहिल्या दिवसापासून लावावा. त्याखेरीज गेम मास्टरने ‘आता कोण काय करते?’ असा मोघम प्रश्न टाळून, गप्प बसणाऱ्या खेळाडूच्या पात्राचे नाव घेऊन, तिच्या अगदी जवळ काय घडते आहे ते सांगून प्रश्न विचारावा. शांत स्वभावाच्या खेळाडूंना बोलायचे नसते असे नाही. इतरांना तोडून बोलायचे नसते, इतकेच. जुन्या खेळातील क्रमाची यादी त्यांच्यासाठी ते काम आपोआप करत होती. येथे ते काम माणसाने करायचे आहे.

इजा मोजण्याची पद्धत समजली नाही. वीस अंकांची इजा झाली आणि पात्राचे फक्त तीनच हिट पॉइंट गेले, हे कसे? — एक वाचक, ठाणे

हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती जखमा सोसू शकते याच्या चौकटी, मुळातच थोडे असतात. पहिल्या लेव्हलला वर्गानुसार पाच ते सात चौकटी मिळतात. इजेचा आकडा त्यांतून थेट वजा होत नाही, तो दोन उंबरठ्यांशी ताडला जातो. चामड्याचे चिलखत घातलेल्या पहिल्या लेव्हलच्या पात्राचे उंबरठे ७ आणि १४ असतात. इजा सातपेक्षा कमी असेल तर एक चौकट भरायची, सात ते तेरा असेल तर दोन, आणि चौदा किंवा अधिक असेल तर तीन. म्हणून आपल्या उदाहरणातील वीस अंकांना तीन चौकटी पडल्या. त्यावर आणखी एक सोय अशी की चिलखताची एक चौकट खर्चून इजेची तीव्रता एका पायरीने उतरवता येते. चामड्याच्या चिलखतात अशा तीन चौकटी असतात आणि विश्रांतीच्या वेळी त्या दुरुस्त करता येतात. वरच्या उंबरठ्याच्या दुपटीइतकी इजा झाल्यास चार चौकटी भराव्यात, असाही एक ऐच्छिक नियम आहे.

‘सत्तेचाळीसमधून एकोणीस गेले, राहिले किती?’ हा प्रत्येक वाराला होणारा खोळंबा यामुळे संपतो आणि चिलखत हे केवळ पानावरचा आकडा न राहता खेळाडूच्या निर्णयाचा भाग बनते, हा मला या पुस्तकातील सर्वांत नेटका भाग वाटला. नुकसानही आहे. आठ आणि तेरा या दोन आकड्यांत काहीच फरक उरत नसल्याने, मूठभर फासे टाकून मोठी बेरीज मिरवण्याची ज्यांना हौस आहे, त्यांचा थोडा हिरमोड होतो. शत्रूचा हल्ला ठरवण्यासाठी गेम मास्टर वीस बाजूंचा फासाच वापरतो, हेही जाता जाता सांगतो. तो जुना मित्र पूर्णपणे निवृत्त झालेला नाही.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि मराठी माध्यमात शिकते. पुस्तक इंग्रजीत असल्याने तिला हा खेळ झेपेल का? — एक पालक, कोल्हापूर

पुस्तक आपण वाचावे, खेळ मराठीतून खेळावा. खेळाडूला जे लागते ते बहुतेक कार्डांवर असते. मूळ संचात पुस्तकासोबत पत्त्यांचा मोठा जोड येतो, ज्यात प्रत्येक विशेष कौशल्याचे, कुळाचे आणि समाजाचे वेगळे कार्ड आहे. पहिल्या लेव्हलला पात्राकडे कौशल्याची दोनच कार्डे असतात, म्हणजे सुरुवातीला आपल्याला मोजकाच मजकूर समजावून सांगावा लागेल.

मुलांना रमवायला कुळांचे प्रकरण पुरेसे आहे. अठरा कुळांत माणूस आणि एल्फ यांच्याबरोबर बेडकांसारखे रिबेट, कासवांसारखे गलापा, मांजरांसारखे कटारी, अळंबीपासून बनलेले फंग्रिल आणि यंत्रदेहाचे क्लँक आहेत. दोन कुळांचे मिश्रण करण्याचीही परवानगी आहे. यापुढची गोष्ट मराठी मुलांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. ‘एक्स्पीरियन्स’ म्हणून पात्राच्या पूर्वायुष्यातील दोन गोष्टी खेळाडूने स्वतःच्या शब्दांत लिहायच्या असतात आणि त्या उपयोगी पडतील अशा प्रसंगी एक होप खर्चून फाशाच्या बेरजेत दोन मिळवायचे असतात. येथे तयार यादीतून निवडण्याची सक्ती नाही. ‘आजीने ओळखायला शिकवलेल्या वनस्पती’ किंवा ‘रानात गुरे वळताना आलेले शहाणपण’ असे मुलीने वहीत लिहिले तरी ते नियमाला धरूनच आहे, आणि अशा ओळींतून पात्राची जी ओळख होते ती इंग्रजी कौशल्यांच्या यादीवर टिकमार्क करून होत नाही.

सुरुवातीला प्रकाशकांनी विनामूल्य दिलेले ‘द सेबलवुड मेसेंजर्स’ हे छोटे साहस घ्यावे. पुस्तकातील ‘एज ऑफ अम्ब्रा’ हा विभाग काळोख्या, निर्दय जगाचा आहे; तो या वयासाठी बाजूला ठेवावा.

आमच्या मंडळातील तरुण मुलांसाठी दर महिन्याला एक बैठक घ्यायचा विचार आहे. पुस्तकात तयार जग आहे का, की सह्याद्रीची पार्श्वभूमी घेता येईल? — एक वाचक, न्यू जर्सी

एकच ठरलेले जग पुस्तकात नाही. त्याऐवजी सहा ‘कॅम्पेन फ्रेम’ दिल्या आहेत. प्रत्येक फ्रेममध्ये जगाची थोडक्यात ओळख, गोष्टीचा सूर, खेळाडूंना आधी विचारायचे प्रश्न, सुरुवातीचा प्रसंग आणि त्या जगापुरते एखाद-दुसरे खास नियम असतात. ‘बीस्ट फीस्ट’मध्ये मारलेल्या प्राण्यांचा स्वयंपाक करण्याचे नियम आहेत, ‘कोलोसस ऑफ द ड्रायलँड्स’मध्ये महाकाय शत्रूंशी झुंजण्याचे, तर ‘मदरबोर्ड’मध्ये जादूच्या जागी यंत्रविद्या आहे. खास नियम बेतशीर ठेवूनही जग किती बदलते, हे पाहण्यासाठी ही प्रकरणे सलग वाचावीत.

सह्याद्रीची फ्रेम जरूर लिहावी, मात्र ती लिहिताना किल्ल्यांची नावे आणि इतिहासाची पाने भरण्याच्या मोहात पडू नये. पुस्तकाची पद्धत उलट दिशेने जाते : गेम मास्टरने नकाशाचा बराच भाग मोकळा ठेवायचा आणि पहिल्या बैठकीत खेळाडूंनीच त्यावर ठिकाणे मांडायची. आपल्याला लागेल तो एक ठसठशीत ताण आणि त्याचा एक नियम. पुस्तकात ‘काउंटडाउन’ नावाचे साधन आहे, ज्यात एखादा फासा ठरावीक आकड्यावर ठेवून प्रसंगानुरूप तो एकेकाने उतरवत न्यायचा असतो. पावसाळा येऊन घाट बंद होण्याआधी मीठ आणि धान्य वर पोहोचले पाहिजे, अशी गोष्ट घेतली, काउंटडाउन आठवर ठेवला, आणि दर दीर्घ विश्रांतीला व गेम मास्टरने ठरवलेल्या संकटांना तो उतरवला, तर फ्रेम उभी राहिली असे समजावे. घरगुती खेळासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आपले साहित्य छापून प्रसिद्ध करायचे असेल तेव्हा मात्र डॅरिंग्टन प्रेसचा परवाना आधी वाचावा.

महिन्यातून एकदाच भेटणाऱ्या गटाने एक काळजी घ्यावी. बैठकीच्या शेवटी कोणाचे किती होप, किती स्ट्रेस, कोणती कार्डे हाताशी आणि गेम मास्टरकडे किती फिअर, हे सगळे लिहून ठेवावे लागते. या खेळात टोकनांचा पसारा मोठा आहे आणि महिन्याभराने ते कोणालाही आठवत नाही.

पात्राच्या हिट पॉइंटच्या सगळ्या चौकटी भरल्या की ते मरते का? — एक वाचक, नागपूर

मरायचे की नाही हे मोठ्या प्रमाणात खेळाडूच ठरवतो. त्याच्यासमोर तीन पर्याय असतात. एक, शेवटची एक कृती उत्कृष्ट यशाने पार पाडून वीरमरण पत्करणे. दोन, मरण टाळणे, ज्यात पात्र बेशुद्ध पडते आणि गोष्टीत परिस्थिती बिघडते. मग होपचा फासा टाकायचा आणि तो पात्राच्या लेव्हलइतका किंवा त्याहून कमी पडला तर कायमचा व्रण राहून होपची एक जागा खोडली जाते. तीन, दोन्ही फासे टाकून सर्वस्व पणाला लावणे : होप वरचढ ठरला तर पात्र उभे राहते, फिअर वरचढ ठरला तर संपते, आणि दोन्ही सारखे पडले तर सर्व जखमा व स्ट्रेस पुसून उभे राहते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’प्रमाणे मृत्यूच्या दारात तीन यश किंवा तीन अपयश येईपर्यंत फासे टाकत इतरांकडे आशाळभूतपणे पाहत बसण्यापेक्षा ही तजवीज मला कितीतरी सरस वाटते. लेव्हल वाढते तसा व्रण राहण्याचा धोकाही वाढतो, हा बारकावा विशेष दाद देण्याजोगा आहे.

क्रिटिकल रोलने आपली चौथी मालिका ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वरच सुरू केली. स्वतःच्याच पुस्तकावर त्यांचा विश्वास नाही, असा याचा अर्थ घ्यायचा का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रेनन ली मलिगन यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झालेली मालिका ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नियमांवर आहे, ही वस्तुस्थिती आहे. त्याच वर्षी जूनमध्ये त्या खेळाचे दोन अनुभवी शिल्पकार, जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स, डॅरिंग्टन प्रेसमध्ये दाखल झाले, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे. दोन्हींतून हवा तो अर्थ काढता येतो. मोठ्या प्रेक्षकवर्गाची मालिका चालवणे आणि पुस्तक चांगले असणे हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि आपल्या टेबलावर काय रंगेल याचे उत्तर त्यांपैकी कोणत्याही हिशेबात नाही.

पुस्तक न घेता खेळून पाहता येईल का? कोणते फासे लागतील? — एक वाचक, पणजी

येईल. मूळ संचाची छापील किंमत अमेरिकेत सुमारे साठ डॉलर आहे, त्यावर आयातीचा खर्च चढतो, त्यामुळे आधी खेळून पाहणेच शहाणपणाचे. खेळाचे मूलभूत नियम प्रकाशकांनी संदर्भग्रंथाच्या रूपात विनामूल्य उपलब्ध केले आहेत आणि वर उल्लेखलेले साहसही तसेच मिळते. त्यांतील आवश्यक कौशल्ये जाड कागदावर छापून कापून घेतली की काम भागते. छापील पुस्तकातील चित्रे आणि बहुतेक कॅम्पेन फ्रेम यांना मात्र आपण मुकाल. त्यांतही फ्रेमसाठी पुस्तक विकत घेणे मला रास्त वाटते.

फाशांबाबत एक अडचण आधीच सांगितलेली बरी. बाजारात मिळणाऱ्या सात फाशांच्या नेहमीच्या संचात बारा बाजूंचा फासा एकच असतो आणि येथे प्रत्येक खेळाडूला दोन लागतात, तेही वेगळ्या रंगांचे. म्हणून एक तर प्रत्येकी दोन संच घ्यावेत, किंवा शेजारी बसलेल्या दोन खेळाडूंनी वेगळ्या रंगांचे संच घेऊन बारा बाजूंचे फासे आळीपाळीने वापरावेत; क्रमच नसल्याने दोघांना एकाच वेळी ते लागण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. कोणता रंग होपचा आणि कोणता फिअरचा हे मात्र फेकण्यापूर्वीच जाहीर करावे.